अठ्ठ्याहत्तरातलं एक कमी

परवा शेजारच्या काकू मुलाची पत्रिका घेऊनच आल्या, कोणीतरी त्यांना सांगितलं म्हणे की मी टॅरोचे पत्ते बघते. अहो काकू, बघते म्हणजे नुसती बघते, डोळ्यांनी, चित्रं. भविष्यातलं मला काही कळत नाही, आणि मुळात हे पत्ते भविष्यासाठी निघालेच नव्हते, १५व्या शतकात उत्तर इटलीत लोक त्यांनी खेळायचे, आपण बदाम सात खेळतो तसं, भविष्याचं प्रकरण १८व्या शतकात फ्रान्सात चिकटलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि उठताना म्हणाल्या, "तरी एक पत्ता काढच ना गं."

तर मी डेक, म्हणजे टॅरोच्या पत्त्यांचे संच, जमवते. त्यातही छपाई बंद झालेले. डेक बंद का पडतात याला काही मोठं गूढ कारण नसतं, लायसन्स संपतं, कंपनी गुंडाळते, नाहीतर चित्रकारालाच ते काम नकोसं होतं. ग्रीनवूड नावाचा एक डेक आहे, १९९६ चा, चेस्का पॉटरची चित्रं, जंगल, हरणं, दगडांची वर्तुळं, असलं काहीतरी सुंदर. तो पुन्हा छापलाच नाही, २०११ मध्ये त्याच धर्तीवर वाइल्डवूड आला पण चित्रकार वेगळा. मूळ डेकची किंमत बघितली की मी टॅब बंद करते आणि दहा मिनिटांनी परत उघडते.

बाहेरून मागवायचं म्हणजे तर छळ आहे. एकदा एका विक्रेत्याने "लाइक न्यू" म्हणून पाठवलेल्या डेकला सिगारेटचा असा वास होता की आईने तो आठ दिवस गॅलरीत ठेवायला लावला, त्यावर ड्यूटी भरली ती वेगळी. आणि नाशिकचा पावसाळा! जुलैत पत्ते पापडासारखे वाकतात. सिलिका जेलच्या पुड्या, घट्ट झाकणाचे डबे, शिवाय कसर लागली नाही ना म्हणून दर महिन्याला एकेक डबा उघडून बघायचा. (सावंतवाडीहून आणलेली गंजिफा बरी, गोल पत्ते, वर लाखेचा थर, दशावताराचे १२०. ती आउट ऑफ प्रिंट व्हायची भीती नाही, कारण ती प्रिंटच होत नाही, हाताने रंगवतात.)

पण मला सांगायचंय ते देवळाली कॅम्पच्या डेकबद्दल. तिथल्या एका जुन्या बंगल्याचं सामान निघालं होतं, ते रद्दीवाल्याकडे आलं आणि त्यात इंग्रजी मासिकांच्या गठ्ठ्याखाली एक पिवळी डबी. रायडर टॅरो, पत्त्यांवर १९७१ चा कॉपीराइट, छपाई स्वित्झर्लंडची. आता तुम्ही म्हणाल रायडर तर आजही कुठेही मिळतो. मिळतो, पण ही छपाई मिळत नाही. कागद वेगळा, पिवळा रंग जरा मऊ. रद्दीवाल्याने २०० सांगितले, मी घासाघीस केली नाही, तिथेच त्याला कळलं असणार की चुकलं आपलं.

आमचे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. आपल्याकडे नुसतं प्रेस म्हटलं की कळतं, १९२५ पासूनची, पोस्टाची तिकिटं आणि स्टॅम्प पेपरवाली. माझ्या छंदाला ते इतकी वर्षं "तुझी ती जादूटोण्याची पानं" म्हणत आले. त्या दिवशी मी टेबलावर पत्ते मांडले होते तर ते येता-जाता थांबले, आत गेले आणि घडीचं छोटं भिंग घेऊन आले. मॅजिशियनचा पत्ता खिडकीशी धरला, एक डोळा मिटला. "ऑफसेट आहे. ठिपके बघ. इथे लाल जरा सरकलाय." मी बघितलं, खरंच टेबलाच्या कडेशी लाल रेघ केसभर बाहेर आली होती. दहा वर्षं मी ही चित्रं बघतेय आणि मला कधी दिसलं नाही.

मग कोपऱ्यातल्या छोट्याशा वेलांटीवर भिंग थांबलं. "ही सही कोणाची?"

पामेला कोलमन स्मिथची. १९०९ मध्ये तिने सगळी चित्रं काढली, काही महिन्यांत, आणि मित्राला पत्रात कळवलं की काम प्रचंड आणि पैसे अगदी थोडे. डेकला नाव पडलं रायडर-वेट, म्हणजे प्रकाशक रायडर आणि ज्याने तिच्याकडून चित्रं काढवून घेतली तो वेट. ती १९५१ ला गेली, कर्जात. बाबा हं म्हणाले. "तिकिटावर तरी आमची कुठे नावं असतात. हिने सही तरी घुसवली."

नंतर त्यांनी पत्ते मोजायला घेतले. मोजायची सवय ती, एकेका शीटचा हिशोब द्यायचा आयुष्यभर. अंगठ्याने झर्रकन. टॅरोचे हवेत ७८, भरले ७७. परत मोजले, ७७. मी लावून बघितलं, कप्सचा सहा नाहीये, तो बागेत एक मुलगा मुलीला फुलांनी भरलेला पेला देतो तो. मी म्हटलं जाऊ द्या बाबा, मिलानच्या त्या प्रसिद्ध, जुन्या व्हिस्कोंती-स्फोर्झा डेकचे चार पत्ते कोणालाच सापडले नाहीत, तरी तो म्युझियममध्ये आहेच की. त्यांना हे अजिबात पटलं नाही. रात्री जेवताना विचारलं, रद्दीवाल्याकडे नीट बघितलंस का. सकाळी परत. रविवारी मला गाडीवर बसवून देवळालीला घेऊन गेले, दोघांनी मासिकांचा अख्खा गठ्ठा पान-पान झटकला, रद्दीवाला बघत उभा. नाही मिळाला.

घरी आल्यावर त्यांनी डबीच्या झाकणाच्या आत पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली लिहिलं, "७७. एक येणे बाकी."