उभ्या गाडीचे टायर

पारा 42 च्या वर गेला की मी सकाळी साडेसहालाच खाली उतरते आणि गाडीच्या चारही चाकांवरचे टॉवेल सरळ करून येते. रात्रीच्या वाऱ्यानं एखादा तरी सरकलेला असतोच. शेजारच्या वहिनी विचारतात, गाडीला कशाला एवढं? म्हणून हे लिहायला बसले.

आमची गाडी म्हणजे जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. 2019 मध्ये ह्यांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतली. मागच्या सीटा काढून दोन पलंग, शेगडी आणि 100 लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली. अक्कलकोट, गाणगापूर झालं, बदामी-हंपीही झालं. मग 2020 चा मार्च आला आणि जुळे सोलापुरात घरापुढं गाडी दीड वर्ष जागची हलली नाही. हे अधूनमधून इंजिन चालू करायचे, बॅटरी जपायचे. टायरांची नक्षी कोरी करकरीत दिसत होती, म्हणून तिकडं कुणी वाकून बघितलंच नाही.

2021 च्या दिवाळीनंतर पंढरपूरला निघालो. मोहोळच्या अलीकडं पुढचा डावा टायर फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी डावीकडं ओढली गेली. ह्यांनी ब्रेक न दाबता स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं म्हणून आम्ही कडेला थांबू शकलो. नात मागं पलंगावर झोपली होती. तो क्षण आठवला की अजून पोटात गोळा येतो.

पंक्चरवाल्यानं फुटलेला टायर आडवा टाकला, बाजूचं रबर दोन्ही अंगठ्यांनी दाबून वाकवलं आणि मला जवळ बोलावलं. उन्हाळ्यात टाचेला पडतात तशा बारीक भेगा, अगदी कडेपर्यंत. "मॅडम, नक्षी काय बघताय, रबर वाळलंय," तो म्हणाला. मग टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे दाखवले. 3414. म्हणजे 2014 सालचा 34 वा आठवडा. आम्ही गाडी घेतली तेव्हाच टायर पाच वर्षांचे होते.

मी 28 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एक रबरबँड ताणून खिळ्यांना अडकवायचा, दुसरा तसाच सैल ठेवायचा आणि दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवायचे, हा प्रयोग मुलांकडून दर वर्षी करून घ्यायची. ताणलेला आधी तडकतो. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरालाच आधी खातो. उभ्या गाडीचा टायर खाली दबून बाजूनं फुगतो, म्हणजे तिथलं रबर महिनोन्‌महिने ताणलेलंच. वरून आपलं ऊन. टायर बनवताना रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं घातलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-सुटतं, तसं ते मेण वर येत राहतं. चाक थांबलं की तेही मंदावतं. वर्गात हे सगळं सांगणाऱ्या मला स्वतःच्या दारातले टायर दिसले नाहीत, याचं फार वाईट वाटलं.

आता गाडी महिन्याच्या वर उभी राहणार असली की आधी टायर साध्या साबणाच्या पाण्यानं धुते. चकाकी आणणारं तेलकट पॉलिश अजिबात लावू देत नाही. पेट्रोलियमचा अंश असलेलं काहीही त्या रबराचं आयुष्य कमीच करतं. पाण्याची टाकी रिकामी करते, तेवढाच 100 किलो भार उतरतो. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजायची. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरायची, त्याच्यावर नाही. उभ्या गाडीतूनही हवा थोडी थोडी जातच असते, म्हणून दर महिन्याला पुन्हा बघायची. चाकाखाली प्लायवूडचे तुकडे, पण टायरपेक्षा रुंद. टायरची कड फळीबाहेर लोंबत राहिली तर सगळा भार मधल्या भागावर येतो. हँडब्रेक न ओढता चाकांना दगड लावतो.

आणि वरून पांढरे टॉवेल. सोलापुरात राहून टॉवेलांना काय तोटा! गडद कापड तापतं, म्हणून पांढरेच. पाऊस लागला की काढून घेते, ओलं कापड दिवसचे दिवस चाकाला चिकटून राहू नये. शिवाय दर तीन आठवड्यांनी होटगीपर्यंत एक चक्कर. झाकण्यापेक्षाही या चकरेवर माझा जास्त विश्वास आहे. टायर गरम होतो, आणि दबलेली जागाही बदलते.

त्या दिवशी मोहोळजवळ आम्ही स्टेपनी लावली आणि पंढरपूरला न जाता चाळीसच्या वेगानं घरी परतलो. दारात उतरल्यावर ह्यांनी टॉर्च मारून स्टेपनीवरचे आकडे वाचले. 3414. गाडीखाली पडून पडून तीही तेवढीच म्हातारी झाली होती. दुसऱ्या दिवशी पाचही टायर बदलले. त्यामुळं आता पाचवा टॉवेल स्टेपनीला.