तुम्ही विचारलंत म्हणून: रविवारी साडेसहा

मंडळाच्या गणपतीत, देशी दुकानात भेंडी निवडताना, आणि हल्ली ज्यांची स्वतःची दत्तकाची फाइल चालू आहे अशा जोडप्यांच्या फोनवरही एकच प्रश्न येतो. "तान्हं बाळ असतं तर समजलं असतं. पण आठ वर्षांची मुलगी! ती तिकडे, तुम्ही इकडे न्यू जर्सीत. लळा लागला कसा?" आजवर मी "लागला हळूहळू" म्हणून वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलंत, म्हणून सांगते.

लळाबिळा फार पुढचं. आधी ओळख, आणि तिलाही परवानगी लागते. देशोदेशींच्या दत्तकासाठी जो हेग करार आहे, त्यात भारत 2003 पासून आहे. मूल ठरण्याआधी परस्पर संस्थेत जाऊन भेटीगाठी करणं त्या करारात बसत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर भाजीसारखी मुलं निवडत हिंडणारे कमी नाहीत. आमचा गृह अध्ययन अहवाल, म्हणजे आमच्या घराची-माणसांची पाहणी, इथल्या एजन्सीनं केला, 'कारा'च्या, म्हणजे भारत सरकारच्या दत्तकाचं काम बघणाऱ्या यंत्रणेच्या पोर्टलवर नाव चढलं, आणि बऱ्याच महिन्यांनी एक दिवस तिचे दोन अहवाल आले, एक तिच्याविषयीचा आणि एक तब्येतीचा. सोबत एक फोटो. फोटोत ती बाजूला कुणाकडे तरी रागानं बघत होती. आम्ही होकार कळवला. मग संस्थेनं आठवड्यातून एक व्हिडिओ कॉल मान्य केला, समाजसेविका ताई शेजारी बसणार या अटीवर. आमचे रविवार सकाळचे नऊ, म्हणजे तिचे संध्याकाळचे साडेसहा.

पहिले तीन रविवार वाया गेले. "जेवलीस?" "हो." "काय जेवलीस?" "भाजी-पोळी." विषय संपला. नवऱ्यानं परसातल्या खारी दाखवल्या, तिनं छताचा पंखा बघितला. मराठी एकच आहे, याचा आम्हाला केवढा भरवसा होता! ती विदर्भातली, मी साताऱ्याची. ती "काहून" (म्हणजे "का") म्हणाली की मी "काय, काय?" करायची.

चौथ्या रविवारी ताईंनी वही काढली. नाव-गाव-फळ-फूल. दोघींचं सारखं आलं तर पाच मार्क, वेगळं आलं तर दहा. वही कॅमेऱ्याला इतकी जवळ धरायची की फक्त रेघा दिसायच्या. एकदा 'क' आला आणि तिनं फळात 'कांदा' लिहिला.

"कांदा फळ नाही गं."

"मंग काय हाये?"

"जमिनीखाली येतो तो."

"भुईमूगबी येते. त्याले शेंग म्हनतेच ना तुम्ही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा मार्क दिले. पुढे एका अक्षराला तिनं गावाच्या रकान्यात एक नाव लिहिलं, ते नकाशात कुठे सापडेना. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, फाइलमध्ये असं गाव नाही, तुम्ही खोदू नका. आम्ही खोदलं नाही. त्यालाही दहा दिले. (गावाचं नाव इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.)

आणि मग नोव्हेंबर आला. इथे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे करतात. आम्हाला ठाऊक होतं, इतकी वर्षं राहतोय. पण आमचे नऊ आता तिचे साडेसात झाले, हे डोक्यातच आलं नाही. नऊला फोन लावला. ताई म्हणाल्या, ती साडेसहापासून ऑफिसातल्या स्टुलावर वही घेऊन बसली होती, प्रार्थनेलाही उठली नाही. जेवणाची घंटा झाल्यावर गेली आणि आता यायला तयार नाही.

पुढच्या रविवारी कॅमेऱ्यात तिची पाठ होती. दोन वेण्या, लाल रिबिनी. नवऱ्यानं चेंडू आणि टॉर्च घेऊन सूर्य समजावला. पाठमोरीच म्हणाली, "घड्याळ कोनी मागे करते का?"

खरंय की. तिच्या जागी मी असते तरी मला ती थापच वाटली असती. "येतो हं" म्हणून गेलेली मोठी माणसं तिनं आमच्याआधीही पाहिली होती. तिच्या लेखी त्या रांगेत आता आम्हीही उभे.

त्या दिवशी घरात ठरलं की घड्याळ तिचंच चालणार. साडेसहा म्हणजे भारताचे साडेसहा, आमचे मग आठ वाजोत नाहीतर नऊ. नवऱ्यानं हातातलं घड्याळ भारताच्या वेळेला लावलं आणि त्या पायी ऑफिसात दोनदा फजिती करून घेतली. दुसरं ठरलं ते जास्त जड गेलं. "कधी येनार?" असं तिनं विचारलं तर तारीख सांगायची नाही. काराचं ना हरकत पत्र, मग दत्तकाचा आदेश (तो सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात), मग पासपोर्ट, व्हिसा. यातलं काहीच आमच्या हातात नव्हतं. "माहीत नाही. रविवारी फोन करू," एवढंच म्हणायचो. नागपूरची नणंद वैतागली, "अगं, पोरीला जरा आशा तरी लाव!" तिला बाहुली आणि फ्रॉक घेऊन संस्थेत जायचं होतं, तेही नको म्हटलं. एका हॉलमध्ये इतकी मुलं, आणि बाहुली एकीलाच? आम्ही घराच्या फोटोंचा छोटा अल्बम तेवढा पाठवला.

मुलाचं वय आणि समज बघून त्याची इच्छा विचारात घ्यावी, असं कायदा सांगतो. तिलाही विचारलं गेलं. आम्ही तिथे नव्हतो, ताईंनी फोनवर सांगितलं. "यांच्याकडे जायचं का?" तर म्हणाली, "रविवारी फोन येते यांचा." विचारणाऱ्या साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, तिनं उत्तर तेच दिलं.

आणायला गेलो तेव्हा तिनं आधी नवऱ्याचं मनगट धरून घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं. "बरोबर हाये," म्हणाली आणि चपला घालायला गेली.

पुढचे महिने गोड नव्हते. पलंग सोडून जमिनीवर झोपायची. भातावरून माझ्याशी तासतासभर भांडायची. दत्तकानंतर मूल कसं रुळतंय याच्या पाठपुराव्याचे अहवाल दोन वर्षं जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी सहामाही. पहिल्याच भेटीत इथल्या समाजसेविकेनं 'जवळीक' या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. मी म्हटलं, भात लिहा.

"आई कधी म्हणाली?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. संस्थेत खाऊ वाटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मुलांना 'आई' म्हणायला लावायचे, त्यामुळे त्या शब्दाची मी वाट पाहिली नाही. ती मला "ऐका ना" म्हणते. माझी आजी आजोबांना असंच म्हणायची.

रविवारचा फोन अजून आहे, फक्त उलट्या दिशेनं. तिला वाढवलेल्या संस्थेतल्या मावशींना ती साडेसहाला फोन लावते, त्यांच्या साडेसहाला. गेल्या नोव्हेंबरात शनिवारी रात्री स्टुलावर चढून तिनं ओव्हनचं घड्याळ मागे केलं. सकाळी मी गाढ झोपेत असताना कुणीतरी खांदा हलवला. केस मोकळे, हातात माझा फोन.

"ऐका ना. उठा. आज आठला हाये."