फिलाडेल्फियातले संशोधन आणि दांडिया बाजारातले प्रश्न

गेल्या डिसेंबरात तीन आठवड्यांसाठी बडोद्याला आले होते, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर एका संध्याकाळी शेजारपाजारची दहाबारा माणसे जमली आणि ‘तू तिकडे नेमके काय करतेस, ते एकदा नीट सांग’ असा आग्रह झाला. बडोद्यात असा आग्रह सेव-उसळीच्या बशीसह होतो, त्यामुळे तो मोडता येत नाही. मी फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करते, एवढे सर्वांना माहीत होते. मात्र साणंदचा कारखाना पाहिलेल्या गुजरातेत नॅनो म्हटले की अजूनही आधी मोटार आठवते, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागली.

आमचे विद्यापीठ 1740 साल आपले स्थापनावर्ष मानते आणि 1765 साली सुरू झालेले त्याचे वैद्यकीय महाविद्यालय अमेरिकेतले सर्वांत जुने आहे. त्याच शहरात 1886 साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, मात्र त्या दुसऱ्या, केवळ स्त्रियांसाठी असलेल्या महाविद्यालयातून. हे आमच्या आत्याने मला मध्येच अडवून सर्वांना सांगितले, कारण मी ते सांगायला विसरेन अशी तिला खात्री होती. वॉलनट स्ट्रीटवरची आमची इमारत 2013 साली उभी राहिली आणि ती रस्त्यावरून ओळखू येते ती केशरी-पिवळ्या काचांमुळे. आत सिलिकॉनच्या चकत्यांवर प्रकाशाने नक्षी उमटवण्याचे काम चालते, त्यासाठी चकतीवर चढवलेला लेप निळ्या आणि अतिनील प्रकाशाने बिघडतो, म्हणून तो प्रकाश काचेतच अडवलेला असतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख घालून मी तिथे काचेत आणि प्लास्टिकात केसाएवढ्या रुंदीच्या नळ्या कोरते. ‘म्हणजे प्लंबिंगच की,’ असे एकाने म्हटले, आणि मला ते नाकारता आले नाही.

या नळ्या कशासाठी, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते. कोविडच्या एमआरएनए लशी, म्हणजे कोणते प्रथिन बनवायचे याची सूचना आरएनए या रेणूतून पेशीला देणाऱ्या लशी, वर्षभरात तयार झाल्या असे सर्वांच्या मनात पक्के बसले आहे. ओसरीवरच्या कोणीही ती लस घेतलेली नव्हती, सगळे कोविशील्डवाले. तरी समज तोच होता. प्रत्यक्षात आमच्याच विद्यापीठात कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी त्यामागचा कळीचा शोध 2005 साली प्रसिद्ध केला होता. बाहेरून आलेला आरएनए शरीराला परका वाटतो आणि दाह सुरू होतो. त्यातले युरिडिन हे एक अक्षर, म्हणजे आरएनएच्या साखळीतला एक घटक, किंचित बदलून घातले, तर शरीर तो दाह फारसा होऊ देत नाही आणि पेशी त्या आरएनएवरून हवे ते प्रथिन तयार करू लागते. या कामासाठी पैसा मिळत नाही म्हणून कारिको यांना 1995 साली खालच्या पदावर यावे लागले होते, आणि त्याच कामासाठी दोघांना 2023 साली नोबेल मिळाले. मधल्या वर्षांत तो लेख फार थोड्यांनी मनावर घेतला. याची लाज विद्यापीठाच्या आवारात आजही कोणी फारशी बोलून दाखवत नाही, हे माझे निरीक्षण आहे.

परंतु अक्षर बदलल्याने अर्धाच प्रश्न सुटतो. आरएनए हा अत्यंत नाजूक रेणू आहे. रक्तात तो उघडा सोडला तर तिथली विकरे त्याचे लगेच तुकडे करतात, आणि तो मोठा व ऋणभारित असल्यामुळे पेशीच्या पडद्यातून आपण होऊन आत शिरू शकत नाही. त्याला गुंडाळण्यासाठी चार प्रकारच्या स्निग्ध पदार्थांचे जे कण वापरतात, ते साधारण 100 नॅनोमीटर आकाराचे असतात. माणसाच्या केसाच्या जाडीत असे हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. हे सांगताना मी उकडीच्या मोदकाचे उदाहरण दिले. आरएनए हे सारण, स्निग्ध पदार्थांचे आवरण ही पारी. मद्यार्कात विरघळवलेली पारी एका नळीतून आणि आम्लयुक्त पाण्यातले सारण दुसऱ्या नळीतून सोडले, आणि दोन्ही काही सहस्रांश सेकंदांत एकजीव मिसळले, की मोदक आपोआप वळले जातात; ते सर्व एकाच आकाराचे व्हावेत यासाठीच नळ्यांची कोरणी अचूक लागते.

तेव्हा आमच्या काकूंनी जो प्रश्न विचारला, तो मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडूनही क्वचित ऐकला आहे. त्या म्हणाल्या, ‘अगं, पारी न फुटता पेशीपर्यंत पोचली हे समजले, पण मग आत गेल्यावर ती फुटते कशी?’ गेल्या काही दशकांतले खरे कौशल्य त्या उत्तरात आहे. पारीतला मुख्य स्निग्ध रेणू असा निवडलेला असतो, की आम्लात त्याच्यावर धनभार येतो आणि रक्तात तो उदासीन राहतो. पेशी कण गिळते तेव्हा तो एका पिशवीत अडकतो, त्या पिशवीतले आम्ल हळूहळू वाढते, रेणूवर पुन्हा भार येतो, तो पिशवीच्या पडद्याला चिकटून त्या पडद्याला विस्कटवतो आणि सारण बाहेर सांडते. तरीही गिळलेल्या कणांपैकी बहुतेकांचे सारण आतच अडकून नष्ट होते आणि थोडाच भाग कामी येतो. काकूंचे यावर मत असे पडले की, इतके मोदक फुकट जात असतील तर पारीच नीट जमलेली नाही. प्रयोगशाळेतल्या बैठकांत आम्ही हेच दुसऱ्या शब्दांत बोलतो.

शिरेतून दिलेले हे कण बहुतांशी यकृतात जातात, कारण रक्तातले चरबी वाहून नेणारे एक प्रथिन त्यांना चिकटते आणि यकृताच्या पेशी त्या प्रथिनाला ओळखून आत घेतात. त्यामुळे ज्याचा दोष यकृतात आहे त्या आजाराला हे साधन आयते लागू पडते. 2025 साली आमच्या आवाराला लागूनच असलेल्या मुलांच्या रुग्णालयात एका तान्ह्या बाळावर जे उपचार झाले, त्यांचे मूळ इथे आहे. अमोनियाचे युरियात रूपांतर करणारे सीपीएस1 हे विकर त्या बाळाच्या यकृतात जन्मतः निकामी होते. हा आजार सुमारे 13 लाख जन्मांत एकदा आढळतो, मेंदूत अमोनिया साचतो आणि जवळपास अर्धी बाळे लहानपणीच दगावतात. किरण मुसुनुरू आणि रेबेका आरेन्स-निक्लस यांच्या गटाने त्या एकाच बाळाच्या जनुकातले एकच चुकीचे अक्षर बदलणारे औषध सहा महिन्यांत तयार केले आणि फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत त्याच्या तीन मात्रा शिरेतून दिल्या. अक्षर बदलणारे यंत्र एमआरएनएच्या रूपात, आणि ते नेणारे वाहन म्हणजे हेच स्निग्ध कण. बाळाला पूर्ण बरे म्हणायला अजून अनेक वर्षे पाहावे लागेल, असे त्या डॉक्टरांनीच स्पष्ट केले आहे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र ते वाक्य मावले नाही.

इथवर गप्प बसलेले कोयली रिफायनरीतून निवृत्त झालेले काका म्हणाले, ‘हे सगळे टिकावे म्हणून उणे 80 अंशांवर ठेवायला वीज किती जाते, ते सांग.’ असा एक फ्रीझर रोज जवळपास एका घराइतकी वीज खातो, आणि आमच्या मजल्यावर ते रांगेने उभे आहेत. त्या विजेचे पैसे संशोधनाच्या अनुदानातल्या अप्रत्यक्ष खर्चातून, म्हणजे इमारत, वीज अशा सामायिक गोष्टींसाठीच्या वाट्यातून येतात. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी सरकारने आरोग्य संशोधनाच्या अनुदानांसाठी हा खर्च सरसकट 15 टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली आणि न्यायालयांनी ती रोखली, तोवरच्या दिवसांत आमच्या मजल्यावर शोधनिबंधांपेक्षा वीजबिलांची चर्चा जास्त झाली.

विजेचा विषय निघाला तो लवकर संपला नाही. आमच्या आवारात 1891 सालच्या लाल दगडी ग्रंथालयाच्या इमारतीत 2014 पासून ऊर्जा धोरणाचे केंद्र आहे. तिथल्या दुपारच्या व्याख्यानांना मी आधी केवळ फुकटच्या जेवणासाठी जात असे, हे काकांना सांगितले नाही. तिथे समजलेली गोष्ट अशी: आमच्यासह 13 राज्यांचे वीजजाळे सांभाळणारी संस्था पुढच्या वर्षांसाठी वीजनिर्मितीची क्षमता राखून ठेवण्याचा लिलाव करते. एका मेगावॉटला दिवसाला 28.92 डॉलर हा भाव जुलै 2024 च्या लिलावात एकदम 269.92 डॉलरवर गेला. जुनी वीजकेंद्रे बंद होत आहेत, नव्यांच्या जोडण्या रखडल्या आहेत आणि डेटा सेंटरांची मागणी वाढते आहे. 2019 साली बंद केलेली थ्री माइल आयलंडची 1 क्रमांकाची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याचा करार सप्टेंबर 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टसाठी जाहीर झाला, तो याच मागणीपोटी. 1979 चा अपघात तिच्या शेजारच्या 2 क्रमांकाच्या भट्टीत झाला होता.

काकांच्या गच्चीवर 3 किलोवॉटचे सौर पॅनेल आहेत आणि केंद्र सरकारच्या योजनेतून त्यांना 78,000 रुपये मिळाले आहेत. बडोद्याजवळ नर्मदेच्या शाखा-कालव्यावर 10 मेगावॉटचे पॅनेल 2015 च्या जानेवारीत बसले, त्याने जमीन वाचते आणि बाष्पीभवनही कमी होते, हे त्यांनी सर्वांना सांगितले. ते सर्व खरे आहे, आणि कालव्यावर पोलादी सांगाडा उभा करण्याचा खर्च जमिनीपेक्षा अधिक पडतो हेही खरे आहे. मी एवढेच म्हटले की, दुपारी 1 वाजता सगळ्या गच्च्या वीज देतात आणि संध्याकाळी 7 वाजता सगळी घरे ती मागतात. त्या वेळेसाठी राखीव ठेवलेल्या वीजकेंद्राचे आणि तारांचे पैसे कोणी द्यायचे, यावर आमच्या ऊर्जा धोरण केंद्रातली निम्मी व्याख्याने असतात. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘म्हणजे सूर्य मावळला की तुमचे धोरण उगवते.’

मंडळी उठू लागली तेव्हा छोटाउदेपूरकडच्या आरोग्य केंद्रांत अनेक वर्षे काम केलेल्या एक निवृत्त परिचारिका माझ्याजवळ आल्या. 2013 पर्यंत तो भाग वडोदरा जिल्ह्यातच होता, आणि दक्षिण व पूर्व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण मोठे आहे. हिमोग्लोबिनच्या जनुकातले एक अक्षर बदललेले असते, त्यामुळे लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. 2023 च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 7 कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले होते. परिचारिकाबाईंचा प्रश्न सरळ होता: ‘एका बाळासाठी एक अक्षर बदलता, मग आमच्या मुलांचेही एकच अक्षर आहे, त्यांचे काय?’

मी त्यांना आधी कॅसजेव्हीबद्दल सांगितले. क्रिस्पर या जनुके कापून बदलण्याच्या तंत्रावर आधारलेला सिकलसेलवरचा हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरात मान्य केला. त्यात रुग्णाच्या रक्ताच्या मूलपेशी बाहेर काढून त्यांत असा बदल करतात, की गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. मग तीव्र केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करून त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेतली त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटी रुपयांहून अधिक आहे. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सिकलसेलवर नेहमी दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या केंद्रावर वेळेवर येत नाहीत तेव्हा काय होते, ते त्यांनी मला सांगितले.

किमतीच्या बाबतीत मी त्यांना एक आशेचे उदाहरण देऊ शकले. रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी ही पद्धत, ज्यात रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, बदलून परत घालतात, ती फिलाडेल्फियात घडली, 2012 साली तिथेच ती लहान मुलांपैकी प्रथम एका मुलीला दिली गेली आणि 2017 साली मान्यता मिळाली तेव्हा तिची किंमत 4,75,000 डॉलर होती. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार19 या भारतीय उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, आणि त्याची किंमत अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे एक दशांश आहे. ‘तरी छोटाउदेपूरला नाहीच,’ त्या म्हणाल्या, आणि ते बरोबर होते, कारण पेशी बाहेर काढून परत घालण्यासाठी जी यंत्रणा लागते ती कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात उभी राहणार नाही.

मी परत आल्यावर दोन आठवड्यांनी त्यांचा व्हॉट्सॲपवर संदेश आला. माझ्या मोदकाच्या उदाहरणाचे त्यांनी गुजरातीत एक पान तयार केले होते आणि शेवटी मला एक ओळ लिहिली होती: ‘तुझे मोदक यकृताकडे जातात, ते हाडांच्या आतल्या मज्जेकडे वळवता येतील का?’ 2023 साली आमच्या विद्यापीठातल्या आणि शेजारच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमके हेच प्रसिद्ध केले आहे. त्यांनी पारीवर एक प्रतिपिंड चिकटवले, ते रक्ताच्या मूलपेशींवरच्या सीडी117 या खुणेला ओळखते, आणि एका इंजेक्शनने ते कण उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशींपर्यंत पोचले. केमोथेरपी लागली नाही. मी परिचारिकाबाईंना ते कळवले आणि ‘उंदरांच्या’ हा शब्द दोनदा लिहिला. त्यांनी उत्तरात विचारले की ते कण फ्रीजमध्ये किती दिवस टिकतात, साध्या फ्रीजमध्ये, कारण त्यांच्या केंद्रावर उणे 80 अंशांचा कधीच नव्हता. सध्या मी कोरत असलेल्या नळ्या त्याच चाचणीसाठीच्या आहेत.