हेडसेटमधली फायरिंग माझ्या गळी उतरली नाही

पेन्शनवर आल्यापासून मी खानापूरला शेती बघतो. मराठा लाइट इन्फंट्रीत असताना रंगरुटांना फायरिंग शिकवायचो, म्हणून भाच्याच्या ओळखीतून बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कंपनीतल्या पोरांनी मला बोलावलं. जवानांच्या सरावासाठी व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात वावरायच्या तंत्राचा, नमुना त्यांना करायचा होता. कॉम्प्युटरचं सगळं येत होतं, रायफल मात्र कुणी हातात धरलेली नव्हती.

सुरुवातीचे दिवस मळमळ आवरण्यातच गेले. डोळ्यांना वाटतं आपण चालतोय, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो, गडी जागचा हललेला नाही. ‘मामा, बसा जरा,’ असं पोरं सारखी म्हणायची. अमेरिकी लष्कराच्या आयव्हास नावाच्या, समोरच्या दृश्यावर माहिती दाखवणाऱ्या चष्म्यांच्या चाचण्यांतही सैनिकांनी डोकेदुखी-मळमळीच्या तक्रारी केल्या होत्या, हे कळल्यावर जरा धीर आला. मग पोरांनी बटणानं चालणं काढून टाकलं. मोकळ्या शेडमध्ये खऱ्या पायांनी चालायचं ठरवलं. चित्र सेकंदाला ९० फ्रेम्सच्या खाली येऊ द्यायचं नाही, हेही बघितलं. त्रास बराच कमी झाला.

खरा अडथळा नेमबाजीत आला. नेम धरताना नजर फोरसाइटच्या, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या खुणेच्या, टोकावर हवी. ते ठळक, मागचं टार्गेट किंचित पुसट. हेडसेटमध्ये जवळचं-लांबचं सगळं सारखंच ठळक, कारण भिंगांमुळे डोळ्याचा फोकस साधारण दीड-दोन मीटरवर अडकून राहतो. त्यात गाल बटावर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावर, टेकतच नाही, मध्ये हेडसेट आडवा येतो. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलचं सुमारे ४ किलो वजन यावं म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधून लोखंडी सळी भरलेली नकली रायफल करून घेतली, पण गालाचं कोडं सुटलं नाही. अशी सवय लागलेला रंगरूट रेंजवर आला तर आधी ती मोडावी लागेल. मी स्पष्ट सांगितलं, नेम शिकवायला मोठ्या पडद्याचा सिम्युलेटर बरा, हे इथून काढा. पोरं हिरमुसली. महिन्यांची मेहनत होती ती.

खोलीत शिरायच्या सरावाला मात्र मी मनापासून दाद दिली. दोघांनी दारातून आत जायचं, समोर हत्यारबंद माणूस आहे की घाबरलेली बाई, हे डोळ्याच्या पात्यात ठरवायचं. नंतर तोच प्रसंग छतावरून बघायला मिळतो: कुणाच्या बॅरलचं तोंड जोडीदाराच्या पाठीवरून गेलं, कुठला कोपरा बघायचा राहिला. पूर्वी हे आम्ही ओरडून सांगायचो आणि पोरगा म्हणायचा, ‘नाही उस्ताद, मी बघितला होता.’ आता वाद घालायला जागा नाही.

रात्रीच्या प्रसंगावर अजून घोडं अडलंय. आमच्या हेडसेटच्या एलसीडी पडद्यावर काळोख राखाडी दिसतो, आणि डोळ्यासमोर उजेड असल्यावर नजर अंधाराला सरावणार कशी? त्यासाठी खानापूरचं रान आहे की, तिथं न्या म्हटलं. पोरांना पटलेलं नाही, ती आता काळं खरंच काळं दाखवणाऱ्या ओएलईडी पडद्याचा हेडसेट मागवणार आहेत.