म्हापशाचे बांगडे आणि इटलीचे बुडबुडे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगडे आणि कोळंबी घेतली आणि मावशीकडे परतताना वाटेतल्या वाइन शॉपमध्ये डोकावलो. पुण्यात किंमत बघून जी बाटली परत ठेवतो ती इथं परवडण्यासारखी निघाली: प्रोसेक्को, इटलीची बुडबुड्यांची वाइन. त्यातही दोन प्रकार, ब्रूट आणि एक्स्ट्रा ड्राय. गोड नको म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "मग एक्स्ट्रा ड्रायच न्या." वाइनच्या भाषेत ड्राय म्हणजे गोड नसलेली, त्यात हिच्या नावातच एक्स्ट्रा, मी कशाला शंका घेतोय!

घरी येऊन वाचलं तर सगळं उलटं. ब्रूटमध्ये लिटरमागे साखर 12 ग्रॅमपर्यंत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, आणि नुसत्या ड्रायमध्ये त्याहून जास्त. हे बारसं कुणी केलं देव जाणे.

फ्रिजमध्ये सोलकढीच्या पातेल्यानं जागा अडवली होती. मग बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून बाटली त्यात बुडवली. अर्ध्या तासात ती हाताला बोचण्याइतकी गार. काका हुर्राकमध्ये, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूत, लिंबू-सोडा ओतून वर चिरलेली हिरवी मिरची सोडत होते. "कितें रे हें? शँपेन?"

शँपेन नव्हे. शँपेनचे बुडबुडे बाटलीतच तयार होतात. प्रोसेक्कोचं बुडबुडे आणणारं दुसरं आंबवणं बहुधा मोठ्या बंद टाकीत होतं, म्हणून ती स्वस्त आणि फळाच्या चवीला जवळची. ईशान्य इटलीतल्या वेनेतो आणि फ्रिउली भागातली ही वाइन. द्राक्ष ग्लेरा, निदान 85 टक्के. पूर्वी द्राक्षालाच प्रोसेक्को म्हणत. पण द्राक्ष काय, कुठंही लावता येतं आणि कुणीही तेच नाव छापू शकतो. म्हणून 2009 मध्ये द्राक्षाला ग्लेरा हे जुनं नाव दिलं आणि ‘प्रोसेक्को’ त्या प्रदेशापुरतं राखून ठेवलं.

"म्हणजे आमच्या फेणीसारखंच की!" काका खूश. खरंच, काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं तेही 2009 मध्येच. त्यानंतर काकांनी इटलीकडे जरा आपुलकीनं बघितलं.

बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवली. फट्ट नाही, नुसता सुस्कारा. मावशीकडे उंच ग्लास कुठले, स्टीलच्या पेल्यात ओतली. बुडबुडे दिसले नाहीत, पण कान लावला की चुरचुर ऐकू येत होती. नाकाला हिरवं सफरचंद आणि नासपती.

रवा लावून तळलेल्या कोळंबीबरोबर ती छानच लागली. आंबट घोट, वर बुडबुडे, तोंडातला तेलकटपणा लगेच साफ. ब्रूट असती तर इथं आणखी जमली असती. पण रेशाद बांगडा आला आणि माझी फसगत कामी आली. लाल मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरचा तो मसाला जिभेवर चढला की कोरडी वाइन आग वाढवते. ही किंचित गोडसर, तिनं तिखटाला आवर घातला. व्हिनेगरच्या आंबटाला तिचा आंबटपणाही पुरून उरला. मी दोन बांगडे संपवले, काट्यांसकट म्हणायला हरकत नाही.

शेवटी बेबिंका आली, गोव्याची थराथरांची गोड मिठाई. एक घास खाऊन घोट घेतला तर मघाचीच वाइन लिंबाच्या पाण्यासारखी! गोडाशेजारी कमी गोड वाइन मार खाते, हे अगदी खरं. काकांनी माझा पेला स्वतःकडे ओढला, हुर्राक माझ्यापुढे सरकवली आणि उरलेली कोळंबीची ताटलीही घेऊन टाकली.