७६.२ वर रुतलेला काटा

पहिले पाच किलो कसे उतरले ते विचारू नका, मलाही नीट आठवत नाही. रोज सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पाऊण तास चालणं, रात्रीचा भात बंद, चहातली साखर निम्मी. तीन महिन्यांत ८१ वरून ७६ च्या घरात आले. सांगायचंय ते त्यापुढच्या सात आठवड्यांचं.

७६.२. पुढच्या सोमवारी ७६.४. मग परत ७६.२. काट्याचे सेल बदलले, काटा बाथरूममधून हॉलच्या फरशीवर आणला, तरी तेच.

जिममधल्या ट्रेनरला सांगितलं. खाता काय, झोपता किती, काही विचारलं नाही त्याने. "मॅडम, कार्डिओ डबल करा. पंधरा दिवसांत दोन किलो." झालं! सकाळची टेकडी होतीच, वर संध्याकाळी ४० मिनिटं ट्रेडमिल, आठवड्याचे सहा दिवस. शेवटी पडद्यावर ३२० कॅलरी दिसायच्या आणि मी विजयी मुद्रेने घरी.

पंधरा दिवसांनी ७६.८.

खरंच रडू आलं. (व्यायाम एकदम वाढवला की स्नायू काही दिवस पाणी धरून ठेवतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा अशा पंधरवड्यात काट्यावर पाय ठेवू नका.) ट्रेनर म्हणाला, "मग एक तास करा." इथे माझं डोकं फिरलं.

बँकेत वीस वर्षं हिशेब जुळवलेत, हाच का जुळेना? रात्री वही घेऊन बसले. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. मशीनमध्ये मी माझं वजन टाकलंच नव्हतं, शिवाय दांडी धरून चालत होते. नुसती बसून राहिले असते तरी ज्या कॅलरी गेल्याच असत्या, त्याही त्या ३२० मध्ये धरलेल्या. माझ्या वजनाला ४० मिनिटं भरभर चालण्याचा निव्वळ खर्च दीडशे-पावणेदोनशे. आठवड्याला फार तर हजार. म्हणजे एका किलोला जवळजवळ पावणेआठ आठवडे, तेही बाकी दिवस होता तसाच राहिला तर.

तो कुठला राहायला! जिममधून आले की मी सोफ्यावर आडवी. पाण्याचा तांब्या लेकीने आणायचा, दोन मजल्यांना लिफ्ट. आणि 'आज एवढं चालले' म्हणून भाजलेले दाणे. मूठभरच हं. ती मूठ किचनच्या काट्यावर तोलली: ३५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २०० कॅलरी. संध्याकाळची अख्खी ट्रेडमिल दाण्यांतच गेली होती.

शरीरही आपल्या बाजूने काटकसर करतं म्हणे. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळांसाठी रोज मैलोन्‌मैल चालतात, तरी अंगकाठीतला फरक धरला तर त्यांचा दिवसाचा कॅलरींचा एकूण खर्च शहरी माणसांपेक्षा फारसा वेगळा नसतो, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसलं. हे वाचून बरं वाटलं; दोष एकट्या माझ्या दाण्यांचा नव्हता.

ट्रेडमिल सोडली. टेकडी सोडली नाही. तिच्यामुळे झोप लागते आणि बीपी ताब्यात आहे, वजनाचं ओझं तिच्यावर कशाला? आठवड्यातून दोनदा डंबेल्स. दाणे मोजून दहा ग्रॅम. फोडणीचं तेल बाटलीतून थेट ओतायचं नाही, चमच्यानेच. एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. अरे हो, वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज केलं तर वेड लागतं.

सहा आठवड्यांनी ७४.७.

ट्रेनरला सांगायला गेले तर तो खूश. "बघा मॅडम, म्हटलं होतं ना, कार्डिओ!"