नाकावर शाडूची गोळी

"मामा, जड केल्यावर ते नीट कसं काय उडायला लागलं?" भाचीचा हा प्रश्न सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

थर्माकोलचं छोटंसं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान. सोडलं की नाक वर करायचं, क्षणभर हवेत थबकायचं, मग डुबकी, पुन्हा नाक वर. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून तोलून पाहिलं, तर शेपूट खाली झुकत होतं. मग नाकाला वाटाण्याएवढी शाडू चिकटवली. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर तोल आला आणि विमान संथपणे तरंगत उतरलं. थोडं डावीकडे ओढत होतं, म्हणून उभ्या शेपटीची मागची कड केसभर उजवीकडे वाकवली. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशाने काय झालं ते कळतच नाही.

१८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलेरी बागेत २१ वर्षांच्या आल्फोन्स पेनोने रबराच्या पिळावर चालणारं विमान ११ सेकंद उडवलं. शेपटीचा कोन त्याने पंखापेक्षा थोडा कमी ठेवला होता. त्यामुळे कुणाचाही हात नसताना ते हवेत स्वतःला सावरत राहिलं. दीडशे वर्षांनंतरही मला याचं अप्रूप वाटतं!

हल्ली जायरो (विमान कलतंय का ते ओळखणारा सेन्सर) बसवलेली विमानं मिळतात, चिपच सगळं सावरून घेते. तरी मुलांच्या हाती आधी हे साधं ग्लायडरच द्यावं असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या भागात ते सोडायला मोकळं मैदान उरलंय का?